रुग्णाचा मुखत्यार

शेतजमिनीच्या वा घराच्या व्यवहारासाठी मुखत्यारपत्र करून देण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. स्वतःच्या देहावरील उपचारांसंबंधीही असा मुखत्यार नेमता येतो, ही कल्पना मात्र तशी अलीकडची. अमेरिकेत ती कायद्यात रुजली, तीही दुःखद अनुभवांनंतर.

१९८३ च्या जानेवारीत मिसुरी राज्यात नॅन्सी क्रुझन या पंचवीस वर्षांच्या विवाहितेच्या मोटारीला अपघात झाला. श्वास चालू राहिला, पण जाणीव परतली नाही. पोटात बसविलेल्या नळीवाटे तिला वर्षानुवर्षे अन्न दिले जात होते. अखेर आईवडिलांनी ते थांबविण्याची विनंती केली. न्यायालयाच्या आज्ञेवाचून तसे करण्यास रुग्णालयाने नकार दिला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २५ जून १९९० रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय लागला, की रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेचा स्पष्ट व खात्रीलायक पुरावा राज्याला मागता येईल. आईबापांची माया हा असा पुरावा नव्हे! पुढे तिच्या पूर्वीच्या सहकाऱ्यांनी तिचे जुने बोलणे साक्षीत सांगितले, तेव्हा कोठे नळी काढण्याची परवानगी मिळाली. २६ डिसेंबर १९९० रोजी ती निवर्तली.

न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्रात रुग्णाने आधीच नेमून ठेवलेल्या प्रतिनिधीचे महत्त्व सुचविले होते. न्यूयॉर्क राज्याने तसा कायदा त्याच वर्षी केला व तो जानेवारी १९९१ पासून अमलात आला. त्याची रीत सोपी आहे. प्रौढ व्यक्तीने एका साध्या कागदावर मुखत्याराचे नाव लिहून दोन प्रौढ साक्षीदारांसमक्ष सही करावयाची. वकील नको, नोटरीही नको. मुखत्याराला मात्र स्वतः साक्षीदार होता येत नाही, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरला मुखत्यारपद सांभाळता येत नाही.

हा अधिकार केव्हा सुरू होतो, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवर मुखत्याराच्या शब्दाला किंमत नाही. रुग्ण असमर्थ झाल्याचा निर्णय डॉक्टरने दिला, तरी रुग्णाने हरकत घेतल्यास त्याचेच म्हणणे चालते. ते बाजूस सारावयाचे तर न्यायालयाकडे जावे लागते. मुखत्यारानेही स्वतःला काय रुचते ते सांगावयाचे नसून रुग्णाला काय हवे होते ते सांगावयाचे असते. नळीवाटे अन्नपाणी देण्याच्या बाबतीत तर रुग्णाची इच्छा त्याला ठाऊक नसेल, तर तो अधिकारच उरत नाही. म्हणूनच थोरला मुलगा केवळ थोरला म्हणून नेमणे शहाणपणाचे नाही. त्याच्याशी या विषयावर मोकळे बोलणे कधी झाले आहे का, हे आधी पाहावे.

आता रुग्णालयाकडे वळू. १ डिसेंबर १९९१ पासून लागू झालेल्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने, मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी योजनांचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर बंधन घातले: रुग्णाला दाखल करतानाच त्याचे हक्क आणि रुग्णालयाचे त्यासंबंधीचे धोरण लेखी द्यावे, आणि त्याने असे पत्र केले आहे की नाही याची नोंद त्याच्या कागदपत्रांत करावी. पत्र नाही म्हणून उपचारांत भेद करता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये धार्मिक वा नैतिक श्रद्धेवर चालणाऱ्या खाजगी रुग्णालयाला काही निर्णय नाकारण्याची मुभा आहे. पण ते धोरण रीतसर ठरविलेले असावे लागते, शक्यतो दाखल होण्यापूर्वी वा दाखल होतानाच ते सांगावे लागते, आणि रुग्णाला दुसरीकडे हलविण्यास साहाय्य करावे लागते. नातलग थकून दाराशी बसले असताना ऐनवेळी श्रद्धा आठवणे कायद्याला मान्य नाही.

पत्र नसेल तर काय होई? न्यूयॉर्कमध्ये २०१० पर्यंत पती, पत्नी वा मुले यांनाही जीवरक्षक उपचार थांबविण्याचा सर्वसाधारण अधिकार नव्हता. त्या वर्षीच्या कायद्याने नातलगांचा क्रम ठरविला व जिवलग मित्रालाही त्यात शेवटचे स्थान दिले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी असे पूर्वनिर्देशपत्र मान्य केले. परंतु त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही आवश्यक ठरविल्याने ते सामान्यांच्या आवाक्याबाहेर राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट काढून नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी पुरेसा मानण्यात आला, आणि एकाहून अधिक पालक वा निकटचे नातलग नेमण्याची सोय झाली. मात्र या पत्राचा रोख जीवरक्षक उपचार नाकारण्यावर वा थांबविण्यावरच आहे. न्यूयॉर्कच्या मुखत्यारासारखा तो सर्व उपचारांना व्यापत नाही. मानसिक आजारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी २०१७ च्या कायद्याने वेगळा दिला आहे. रुग्णाला दाखल करतेवेळीच या पत्राविषयी विचारण्याचे बंधनही या निर्णयांनी रुग्णालयांवर घातलेले नाही. तेव्हा पत्र करणाऱ्यानेच ते पुढे करावयाचे. त्याची एक प्रत नेमलेल्या व्यक्तीला, एक घरच्या डॉक्टरला आणि एक नगरपालिका, महानगरपालिका वा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी, असे २०२३ च्या निर्देशांत सांगितले आहे.