पुण्याला जा, पण सातबारा राखून



मुखेडची पोरं चाकण-हिंजवडीला निघालीत. आम्ही त्यांना अडवणार नाही. कापूस-ज्वारीत घातलेला खर्च निघत नसेल, तर जाणं हा पळपुटेपणा नाही. पण आधी हिशेब मांडा : खोलीचं भाडं, डिपॉझिट, खाणावळ वजा जाता पगारातून उरतं किती?

जमीन मात्र विकू नका. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शहरानं हात वर केले. परतलेल्यांना गावच्या शेतानंच आधार दिला. हडपसरला शहर दारात आलं, तेव्हा मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमीन बिल्डरला विकली नाही. एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली.

जायचं तर मालक म्हणून जा, निर्वासित म्हणून नको.