जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार



जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा तर आधीं पाया पाहावा, कळसाला मुलामा मागाहून द्यावा, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जुनी मोटार घेणारे गृहस्थ बहुधा कळसापासूनच आरंभ करतात. रंग होतो, गाद्या शिवून होतात, आणि ब्रेकची पाळी येईपर्यंत थैली रिकामी होते.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेऊं. इटलीच्या फियाट ११०० ची ही कन्या मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होई. १९७४ सालीं तिला पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत धांवली. तिचें चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन साधें आहे.

आतां खर्चाचा क्रम. या गाडीस निराळी चासी नाहीं. पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो. म्हणून तळ व दारांखालच्या पट्ट्या गंजल्या असतील तर प्रश्न रूपाचा नसून आंत बसणारांच्या जिवाचा असतो. कुजका पत्रा कापून नवा जोडावा. वरून लांबी भरणें म्हणजे रोग झांकणें होय.

दुसरें काम ब्रेकचें. त्याचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. घाट उतरतांना तेल तापलें कीं त्या ओलाव्याची वाफ होते, आणि पायाखालचा ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. यास्तव तेल, रबरी नळ्या व सिलिंडरांतील रबरें बदलावीं. पेट्रोलच्या जुन्या नळ्याही बदलाव्या. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें, तें जुन्या रबरास मानवत नाहीं. मग रेडिएटर, मग विजेच्या तारा. रंग सर्वांत शेवटीं.

सुधारणा करावयाच्या तर सुरक्षेचे पट्टे जरूर बसवावे. मात्र इंजिन बदलण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. त्यास परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीसच व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. आणि पहिल्यावहिल्या पद्मिनींनीं ती पन्नाशी आतां गांठली आहे. काढलेला मूळ भाग म्हणूनच भंगारांत देऊं नये.

पुंजी थोडी असेल तर घाई नको. पत्रा व ब्रेक होईतों गाडी दाराशीं उभी राहिली, तर त्यांत कमीपणा नाहीं. फिकट रंगाची पण वेळेवर थांबणारी मोटार, चकाकणाऱ्या पण न थांबणाऱ्या मोटारीहून शतपटीनें बरी.