दोन देशी स्पोर्ट्स कार

स्कूटर आणि रिक्षांच्या या पुण्यात चक्क स्पोर्ट्स कारही बनली आहे. कार डिझायनर दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत झळकली आणि पुढे पुण्याच्या कारखान्यात तयार झाली. तिची थोरली बहीण म्हणजे बंगळुरूच्या सॅन कंपनीची ‘स्टॉर्म’, नव्वदच्या दशकाच्या अखेरची. दोन सीट, फायबरग्लासची बॉडी, उघडं टप.

इंजिन दोघींचं रेनॉचंच. स्टॉर्मचं ११४९ सीसी, जेमतेम ६० अश्वशक्तीचं. अवंतीचं २ लिटरचं, टर्बोवालं, तब्बल २५० अश्वशक्तीचं. आणि तेही सीटच्या पाठीमागे बसवलेलं. त्यामुळे भार मागच्या चाकांवर येतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच टायर रस्ता घट्ट धरतात.

तरी मला स्टॉर्मच जास्त भावते. ताम्हिणी घाटाच्या वळणांवर वारा अंगावर घ्यायला तेवढी ताकद पुरेशी आहे.