इंजिनाची घोडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांवर व्याख्याने झाली. त्या परंपरेत मी एका लोखंडी घोडीची हकीकत घेऊन उभा राहिलो आहे, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. मी कलाशाखेचा पदवीधर. केंद्र सरकारच्या सेवेत फायलींखेरीज दुसरे ओझे मी कधी उचलले नाही. तथापि एका प्रसंगाने मला जे शिकविले, ते आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे असे मी समजतो.

माझ्या कैलासवासी वडिलांची अँबॅसिडर मोटार माझ्याकडे आहे. ही मोटार आपल्या या कोलकात्यापासून जवळच, हुगळीकाठच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होत असे. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे इंजिन १४८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे, बिडाचे. वजन सुमारे दीडशे किलो. ते स्वतःच्या हातांनी खोलून दुरुस्त करावे, अशी मला हौस वाटली. जमिनीवर ठेवून असले काम होत नाही. तळाची टाकी काढण्यासाठी इंजिन उलटे करावे लागते, हेड बसविताना पुन्हा सुलटे. त्यासाठी उभ्या खांबाला आडवी नळी, नळीच्या तोंडाशी जाड पत्रा आणि त्या पत्र्याला इंजिनाची मागची बाजू बोल्टांनी जखडलेली, अशी घोडी लागते. नळी दुसऱ्या नळीत फिरते, म्हणून इंजिन हवे तसे वळविता येते.

मी पहिली घोडी तीन चाकांची केली. मागे दोन चाके, पुढे एक. चुलीचे तीन धोंडे डगमगत नाहीत, हा माझा आधार! इंजिन चढविले आणि घोडी उजेडाकडे सरकवू लागलो. फरशीच्या सांध्यात पुढचे चाक अडकले आणि क्षणार्धात सारे लोखंड कुशीवर कोसळले. माझी धाकटी कन्या त्याच बाजूस बत्ती धरून उभी होती. आईने हाक मारली म्हणून ती दोनच पावले मागे सरली होती. फरशी फुटली, मुलगी वाचली. त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीतील वेल्डिंगच्या दुकानातील वृद्ध बंगाली मिस्त्रींना मी मोडकी घोडी दाखविली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाबू, वजन कोठे आहे आणि बैठक कोठे रुंद आहे?" मग माझ्या ध्यानात आले. इंजिन खांबाच्या पुढे लोंबकळते आणि तीन चाकांचा त्रिकोण नेमका पुढेच निमुळता होतो. जेथे भार, तेथेच आधार अरुंद! धोंड्यांवरचे भांडे मधोमध बसते. माझे इंजिन तसे बसले नव्हते.

दुसरी घोडी त्यांच्या देखरेखीखाली झाली. तळाला दोन लांब चॅनेल समांतर, पुढे आणि मागे सारख्याच अंतरावर. ती इंजिनाच्या पुढच्या टोकापर्यंत पोहोचणारी. खांबाच्या बुडाशी तिरपे टेकू. फिरत्या नळीला आरपार छिद्रे आणि त्यांत जाड खीळ, म्हणजे इंजिन आपोआप गरकन फिरत नाही. चाके मुळीच नाहीत. फिरणारी नळी शक्यतो इंजिनाच्या वजनाच्या मध्याशी जुळवून घेतली, तेव्हा दीडशे किलोचे धूड एका माणसाच्या हाताने वळू लागले.

इंजिन चढविण्यापूर्वी मिस्त्रींनी नळीला पन्नास किलोची सहा वाळूची पोती टांगली आणि रात्रभर तशीच ठेवली. दुप्पट भार सोसला, तरच विश्वास. सकाळी प्रत्येक सांधा तपासला. क्लच व फ्लायव्हील आधी उतरवून, चेन-पुलीवर इंजिन तोलून धरून, सर्व बोल्ट आवळल्यावरच साखळी सैल केली, तीही बोट-बोट. लोंबकळत्या इंजिनाखाली हात घालावयाचा नाही आणि बाजूस कोणी उभे राहावयाचे नाही, हा नियम आता माझ्या कन्येने घातला आहे. "बाबा, खीळ?" असे तिने विचारल्याखेरीज पाना हाती घेता येत नाही.

ही घोडी मंडळाच्या कोणाही सभासदाने खुशाल न्यावी. अट एवढीच, की खीळ हरवू नये आणि घरातील मुलांना आधी दूर बसवावे. माझ्या हौसेची किंमत माझ्या मुलीने मोजली नाही, ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. हे मोकळेपणाने सांगावे, एवढ्यासाठीच मी आज येथे आलो.