साखर मोजणारा पडदा



‘जैवसंवेदकांसाठी सच्छिद्र बहुवारिकांचे पडदे’ हे आजच्या विषयाचे नाव जड आहे खरे. पण त्यामागची गोष्ट आपल्या घरातलीच आहे. श्रीखंडासाठी आपण चक्का टांगतो, तेव्हा पाणी गळून जाते आणि चक्का फडक्यात राहतो. माठ पाझरतो म्हणूनच त्यातले पाणी गार होते. चिनी मातीच्या बरणीत ते तसे होत नाही. तेव्हा छिद्र म्हणजे दोषच, असे समजण्याचे कारण नाही. कोणास जाऊ द्यावे, कोणास अडवावे आणि जाणाऱ्यास किती वेगाने जाऊ द्यावे, या तीन प्रश्नांचा विचार करून पाडलेले छिद्र हा गुण ठरतो.

या विद्येचा आरंभ रक्तातल्या ऑक्सिजनपासून झाला. अमेरिकेतील लेलँड क्लार्क या शास्त्रज्ञास रक्तातला ऑक्सिजन विजेच्या साहाय्याने मोजावयाचा होता. त्यासाठी प्लॅटिनमची तार पुरेशी होती. पण ती उघडी तार रक्तात बुडविली की रक्तातली प्रथिने तिच्यावर चिकटत आणि तार निकामी होई. क्लार्क यांनी प्रथम तिच्यावर सेलोफेन गुंडाळून पाहिले. १९५६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या रचनेत पॉलिएथिलीनचा पातळ पडदा होता. त्यातून ऑक्सिजन आत जातो, प्रथिने बाहेर राहतात. पुढे १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी आणखी एक पाऊल टाकले. पडद्यांमध्ये त्यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एंझाइम कोंडले. हे एंझाइम फक्त ग्लुकोज हेरते, ऑक्सिजनच्या मदतीने त्याचे रूपांतर करते आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ऑक्सिजन किती खर्ची पडला किंवा पेरॉक्साइड किती निपजले, हे विजेच्या प्रवाहावरून कळले की साखर किती ते कळते. १९७५ साली या तत्त्वावरचे यंत्र बाजारात आले.

आता आपण म्हणाल, मग अडचण ती कोणती? अडचण हिशेबाची आहे. ग्लुकोजच्या एका रेणूला ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. निरोगी माणसाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम साखर धरली, तर एक लिटरमध्ये ग्लुकोज साडेपाच मिलिमोल होते. हवेशी पुरेपूर संपर्क आलेल्या पाण्यातसुद्धा शरीराच्या उष्णतेला विरघळलेला ऑक्सिजन असतो सुमारे ०.२ मिलिमोल, त्वचेखालच्या द्रवात तो त्याहूनही कमी. म्हणजे पाहुणे पंचवीसहून अधिक आणि पान एकच! अशा स्थितीत यंत्र पाहुणे मोजत नाही, पाने मोजते. साखर २०० असो वा ४००, आकडा तोच येणार; कारण ऑक्सिजन केव्हाच संपलेला असतो.

यावरचा उपाय गमतीचा आहे. जी वस्तू मोजावयाची, तिलाच अडवावयाचे! बाहेरचा पडदा असा करावयाचा की ग्लुकोज अगदी थोडे, पण बाहेरच्या प्रमाणात आत शिरावे आणि ऑक्सिजन मात्र मोकळेपणाने यावा. ग्लुकोज पाण्याचे सोबती, तर ऑक्सिजन सिलिकोनसारख्या पाणी न धरणाऱ्या पदार्थातूनही सहज जातो. म्हणून काही पडद्यांत पाणी शोषणारा आणि सिलिकोनचा असे दोन्ही भाग एकाच बहुवारिकात गुंफतात. एकाला पाऊलवाट, दुसऱ्याला हमरस्ता. ऑक्सिजनऐवजी दुसऱ्या वाहकावर चालणारे संवेदकही आज आहेत. पण साखरेच्या वेगाला आवर घालणारा पडदा त्यांनाही लागतोच. अर्थात फार अडवले तर प्रवाह क्षीण होतो आणि उत्तर उशिरा येते. या दोन टोकांमध्ये मध्यम शोधणे, हीच पडद्याची रचना.

छिद्रे पाडावयाची तरी कशी? पहिली रीत १९६० नंतरच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी विकसित केली. युरेनियमच्या विभाजनातून उडणारे कण पॉलिकार्बोनेटच्या पातळ तक्त्यातून आरपार जातात. त्यांच्या वाटेवरचा भाग दुबळा होतो आणि दाहक सोड्यात तो आधी विरघळतो. सोड्यात किती वेळ ठेवावे यावर छिद्राचा व्यास ठरतो, कण किती सोडावे यावर छिद्रांची संख्या. दुसरी रीत लोब आणि मूळचे भारतीय असलेले सौरिराजन यांच्या कामातून पुढे आली. त्यांना खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करावयाचे होते. सेल्युलोज ॲसिटेटचे द्रावण पातळ पसरून पाण्यात बुडवावयाचे. द्रावक निघून जातो, पदार्थ गोठतो आणि पाणी शिरले तेथे छिद्रे राहतात.

परंतु नुसत्या आकाराने निवाडा होत नाही. ग्लुकोजचा रेणुभार १८०, पॅरासिटामॉलचा १५१. जी चाळण ग्लुकोजला वाट देते, ती या तापाच्या गोळीला कशी अडवणार? आणि प्लॅटिनमपाशी पोचलेले पॅरासिटामॉल स्वतःच वीज देऊन साखरेचा आकडा फुगवते. म्हणून एंझाइमच्या आत, तारेलगत दुसरा घट्ट पडदा घालतात. साखरेचे काम एंझाइमपाशीच संपलेले असते. तेथून पुढे फक्त पेरॉक्साइडला जावयाचे असते आणि त्याचा रेणुभार अवघा ३४. यूरिक आम्ल आणि क जीवनसत्त्व यांच्यावर ऋण विद्युत्भार असतो; त्यांना ऋण भाराचा पडदा दूर सारतो. एका दारावर उंची पाहावयाची, दुसऱ्यावर स्वभाव!

ही सारी उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या मुलाला रोज इन्शुलिन टोचावे लागते, त्याच्या आईसाठी. आकडा खोटा चढला आणि त्यावर इन्शुलिन दिले, तर साखर मध्यरात्री धोकादायक उतरते. झोपेत मूल बेशुद्धही पडू शकते. आकडा खोटा उतरला तर गरज नसता साखर चारली जाते. दंडावर चिकटवून दहा-पंधरा दिवस चालणारे संवेदक आज मिळतात आणि त्यांचा इशारा अनेकांना वाचवतो. पण ते अजून पुष्कळ घरांच्या आवाक्याबाहेर आहेत. शिवाय शरीरही स्वस्थ बसत नाही. परकी वस्तू दिसताच प्रथिनांचा थर आणि मागाहून तंतूंची भिंत उभारते. म्हणजे आपल्या पडद्यावर शरीर आपला पडदा घालते! हा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. हा संवेदक रक्त नव्हे, त्वचेखालचा द्रव मोजतो. साखर झपाट्याने बदलत असता तो काही मिनिटे मागे राहतो. झोपेत त्या अंगावर भार पडला तरी आकडा खोटा उतरू शकतो. तेव्हा अंगाची लक्षणे एक सांगत असतील आणि आकडा दुसरे, तर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन खात्री करावी. काही संवेदकांना कोणती औषधे बाधतात, तेही डॉक्टरांना विचारून ठेवावे.

शास्त्राने साखरेला अडवून साखर मोजली, हे मला त्यातले खरे शहाणपण वाटते. जे हवे ते सगळे एकदम आत घेतले की मोजमाप बुडते. या पडद्याची जाडी कागदाहून कमी. पण त्याच्या भरवशावर एखादी आई रात्री निश्चिंत झोपते. तो भरवसा अधिक पक्का आणि अधिक स्वस्त करणे, हे आपल्या तरुण रसायनशास्त्रज्ञांपुढचे काम आहे. सभेत असे काही तरुण मला दिसत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.