मोलकरणीची खोली आणि मागची लिफ्ट

(घरकामगार स्त्रियांसोबत काम करणाऱ्या गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



मला विषय दिला आहे 'घर आणि घरकाम'. आपल्याकडच्या परिस्थितीवर इथल्या जुन्या कार्यकर्त्या माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतील. मी मात्र तुम्हाला जरा लांब, न्यूयॉर्कला नेणार आहे. एम. एस. डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षांनी एका अभ्यासवृत्तीवर मी तिथे काही महिने होते. स्थलांतरित घरकामगार स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या एका गटाबरोबर फिरत होते. त्या काळात मला फ्लॅटविक्रीच्या जाहिराती वाचायची सवय लागली. विकत घ्यायला नव्हे, हे सांगायला नको! ज्या बायकांशी मी रोज बोलत होते, त्या ज्या घरांत राबत होत्या ती घरे कशी बांधलेली असतात हे समजून घ्यायचे होते.

अशा पुष्कळ जाहिरातींची मिळून मी एक जाहिरात केली आहे. ती ऐका:

'मॅनहॅटन. युद्धपूर्व इमारतीतील प्रशस्त सहा खोल्यांचा फ्लॅट. उंच छत, लाकडी फरशी, शेकोटी. दिवाणखाना, स्वतंत्र जेवणघर, दोन शयनगृहे. स्वयंपाकघराला लागून छोटी खोली व न्हाणीघर. ऑफिससाठी किंवा पाहुण्यांसाठी उत्तम. चोवीस तास दारवान. इमारतीत सर्व सेवा. मंडळाची मंजुरी आवश्यक.'

ऐकायला गोड आहे. आता यातल्या एकेका शब्दामागे कोण उभे आहे ते पाहू.

'युद्धपूर्व' म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेले. न्यूयॉर्कच्या श्रीमंतांना पूर्वी फ्लॅट ही कल्पनाच कमीपणाची वाटे. एका छपराखाली अनेक कुटुंबे राहणे हे गरिबांचे लक्षण. १८८४ साली डकोटा ही मोठी इमारत उभी राहिली, १९१२ साली फिफ्थ अॅव्हेन्यूवरची ९९८ क्रमांकाची इमारत झाली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत पार्क अॅव्हेन्यू, फिफ्थ अॅव्हेन्यू अशा घरांनी भरून गेले. रोझारिओ कँडेला हा त्या काळचा नामवंत वास्तुरचनाकार. त्याची ७४० पार्क अॅव्हेन्यू ही इमारत १९३० साली पुरी झाली, म्हणजे १९२९ चा शेअरबाजार कोसळल्यानंतर. मंदी आली आणि असे बांधकाम जवळजवळ थांबले.

श्रीमंतांना फ्लॅट पटवून द्यायचा तर त्यात बंगल्याचा थाट हवा, आणि बंगल्याचा थाट म्हणजे नोकरचाकर आलेच. म्हणून या घरांचे नकाशे तीन भागांत केलेले असतात: पाहुण्यांना दाखवायचा भाग, झोपायचा भाग आणि सेवेचा भाग. सेवेच्या भागात स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि त्याला लागून मोलकरणीची खोली. या खोलीत एक पलंग आणि एक कपाट मावले की झाले. खिडकी बहुधा इमारतीच्या आतल्या चौकाकडे उघडते. मागच्या बाजूला वेगळी लिफ्ट. ती स्वयंपाकघराच्या दारापाशी येऊन थांबते. मालकीण पुढच्या लिफ्टने येणार. कामवाली, भाजी, कोळसा आणि कचरा मागच्या लिफ्टने.

म्हणजे पाहा, घरात काम कोण करणार हा प्रश्न तिथे भिंती उभ्या राहण्याआधीच सोडवलेला होता. आपण म्हणतो, घरकाम दिसत नाही. या घरांमध्ये ते दिसू नये म्हणून चुना आणि विटा खर्च केल्या होत्या.

त्या खोलीत सुरुवातीला राहायच्या आयर्लंड आणि युरोपातल्या इतर देशांतून आलेल्या मुली. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी युरोपातून येणाऱ्यांची संख्या फार कमी केली. त्याच सुमारास दक्षिणेतून हजारो काळ्या स्त्रिया शहरात येत होत्या. त्यांना मालकाच्या घरात राहायचे नव्हते. स्वतःचे घर, स्वतःची मुले, संध्याकाळी सुटी, हे त्यांनी मागितले आणि हळूहळू राहून काम करण्याऐवजी रोजाने काम करण्याची पद्धत पडली. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. कुठलीही संघटना नसताना बायकांनी एकेकटीने मिळवलेली ती गोष्ट होती. पण मंदीत तिची किंमतही मोजावी लागली. ब्राँक्स भागात काळ्या स्त्रिया सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत आणि घरमालकिणी येऊन तासाच्या बोलीने त्यांना घेऊन जात. त्याही काही पार्क अॅव्हेन्यूच्या शेठाणी नव्हेत. साध्या मध्यमवर्गीय बायका. एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघींनी १९३५ साली 'द क्रायसिस' मासिकात यावर लेख लिहिला आणि त्या कोपऱ्यांना 'गुलामांचा बाजार' म्हटले.

आता पुढचा शब्द: 'सर्व सेवा'. या शब्दाला एक वेगळाही इतिहास आहे आणि तो आपल्या चळवळीचा आहे. शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८९८ साली 'विमेन अँड इकॉनॉमिक्स' या पुस्तकात मांडले, की प्रत्येक घरात एकेक चूल आणि तिच्यापाशी एकेक बाई हा श्रमांचा अपव्यय आहे. इमारतीत सामायिक स्वयंपाक, सामायिक धुणे आणि बालसंगोपन असावे, म्हणजे बाईला बाहेर पडून काम करता येईल. हेन्रिएटा रॉडमन या शिक्षिका. मूल झालेल्या शिक्षिकांना नोकरीतून काढण्याच्या धोरणाविरुद्ध त्या लढल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी ग्रीनिच व्हिलेजमध्ये स्त्रियांसाठी अशी इमारत बांधायचा आराखडा केला. गच्चीवर बालशाळा असणार होती. ती इमारत झालीच नाही.

झाले ते वेगळेच. 'सर्व सेवा' हे शब्द शिल्लक राहिले, पण त्यांचा अर्थ झाला पैसे देऊन दुसऱ्याचे श्रम विकत घेणे. बाई चुलीपासून सुटली, पण चूल सुटली नाही. तिच्यापाशी दुसरी बाई आली. पुरुषाचा त्यातला वाटा होता तेवढाच, म्हणजे नसल्यात जमा, राहिला. स्त्रीमुक्तीच्या नावाने आपण नोकरीला बाहेर पडलो तेव्हा आपल्याही घरात काय झाले, याचा विचार इथे बसलेल्या आपण मध्यमवर्गीय बायकांनी केला पाहिजे.

दुसरा मार्ग नव्हता असे मात्र म्हणू नका. १९२७ साली ब्राँक्समध्येच कपडा कामगारांच्या युनियनने अमॅल्गमेटेड हाउसिंग ही सहकारी वसाहत उभी केली. तीही 'युद्धपूर्व'च. तिथे मोलकरणीच्या खोल्या नव्हत्या. बालवाडी, वाचनालय आणि सहकारी दुकान होते. ती वसाहत आजही उभी आहे.

'मंडळाची मंजुरी' हा जाहिरातीतला शेवटचा शब्द. न्यूयॉर्कच्या सहकारी इमारतीत तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही. इमारतीच्या कंपनीचे शेअर घेता आणि त्यावर राहण्याचा हक्क मिळवता. कोणाला घ्यायचे ते रहिवाशांचे मंडळ ठरवते. नाकारताना कारण सांगण्याचे बंधन अनेक दशके नव्हते. १९८० साली रिव्हर हाउस या इमारतीने ग्लोरिया व्हँडरबिल्ट यांना नाकारले. त्या अतिश्रीमंत घराण्यातल्या. मग एकट्या, घटस्फोटित, नोकरी करणाऱ्या साध्या बाईचे काय होत असेल? घरांच्या व्यवहारात लिंगभेद करण्यास बंदी आणि कर्ज देताना भेदभावास बंदी, हे दोन्ही कायदे अमेरिकेत १९७४ साली झाले. तोवर बँक बाईकडे नवऱ्याची सही मागू शकत होती.

आता मला सर्वांत मोलाचे वाटते ते सांगते. त्या इमारतीच्या पुढच्या दारात उभा असलेला दारवान आणि आत फ्लॅटमध्ये मूल सांभाळणारी बाई, दोघेही त्याच रहिवाशांची चाकरी करतात. पण दारवानाला ठरलेला पगार, रजा, आरोग्यविमा आणि पेन्शन आहे. त्यांची युनियन १९३४ साली स्थापन झाली, १९३६ साली शहरभर संप झाला आणि तेव्हापासून मालकांशी करार होत आले. आतल्या बाईचे काय? १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून घरकामगार वगळल्या, त्याच वर्षीच्या संघटना करण्याच्या हक्काच्या कायद्यातून वगळल्या, १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यानेही त्यांना संरक्षण दिले नाही. किमान वेतन त्यांना १९७४ साली मिळाले.

हा फरक का पडला? दारवान एका इमारतीत दहा जण असतात, त्यांचा मालक एक. ते एकत्र कपडे बदलतात, एकत्र चहा पितात. घरकामगार एका घरात एकटी. तिचा कामाचा तास मोजणारा कोणी नाही आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईला किती पगार मिळतो हे तिला ठाऊक नाही. ती 'घरच्यासारखी' असते, म्हणून तिला पगारवाढ मागायची लाज वाटते. हे वाक्य पुण्यात ऐकले असते तरी तुम्हाला नवल वाटले नसते.

मग त्या भेटणार कुठे? बागेत! २००० साली डोमेस्टिक वर्कर्स युनायटेड ही संघटना सुरू झाली. तिच्या कार्यकर्त्या बागांमध्ये, मुलांच्या घसरगुंड्यांपाशी जाऊन पत्रके वाटायच्या. कॅरिबियन बेटांवरच्या, लॅटिन अमेरिकेतल्या, फिलिपाइन्सच्या, दक्षिण आशियातल्या बायका त्यात आल्या. अनेक वर्षे त्या बस भरून राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला जात राहिल्या. काही मालकिणीही त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. दारवानांच्या युनियनचे पूर्वीचे पुढारी जॉन स्वीनी यांनीही पाठिंबा दिला. त्यांची आई स्वतः घरकामगार होती. २०१० साली न्यूयॉर्क राज्याने घरकामगारांच्या हक्कांचा कायदा केला. अमेरिकेतला तो पहिला. आठवड्याला एक दिवस सुटी, जादा कामाचे जादा वेतन, वर्षभर काम केल्यावर तीन दिवस पगारी रजा, लैंगिक छळापासून संरक्षण. तीन दिवस! इतक्या वर्षांच्या लढ्यानंतर तीन दिवस. पण कागदावर पहिल्यांदाच ती कामगार झाली.

याच शहरात डिसेंबर २०१३ मध्ये भारताच्या एका उपवाणिज्यदूत महिलेला अटक झाली. घरकाम करणाऱ्या बाईच्या व्हिसासाठी पगाराची खोटी माहिती दिली असा आरोप होता. त्यांच्या बाजूने तो नाकारला गेला. अटकेनंतर त्यांची झडती ज्या पद्धतीने झाली तिचा निषेध व्हायलाच हवा होता, तो झाला. पण आपल्याकडच्या त्या सगळ्या गदारोळात घरकामगार बाईच्या पगाराचा प्रश्न कोणी विचारला? देशाचा अपमान सर्वांना दिसला, तिच्या कामाचे तास दिसले नाहीत.

आपल्याला न्यूयॉर्ककडून धडे घ्यायचे तर आपला इतिहास विसरून नकोत. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा ऑल्बनीचा कायदा तीस वर्षे दूर होता. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो अशाच बायकांच्या रेट्याने. पण कल्याण मंडळ म्हणजे वेतनाचा हक्क नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून गटांपुढे तीन कामे ठेवते.

एक: आपापल्या भागातल्या सोसायट्यांची पाहणी करा. घरकामगारांना वेगळी लिफ्ट आहे का? बसायला जागा, पिण्याचे पाणी, संडास वापरायची मुभा आहे का? हे नियम कोणत्या सभेत, कोणी केले? सोसायटीच्या सभासद असलेल्या आपल्या मैत्रिणींनी ते वार्षिक सभेत विचारावे.

दोन: त्याच सोसायटीतल्या वॉचमनशी बोला. कोणती बाई किती वाजता येते आणि किती वाजता जाते हे त्याच्या वहीत लिहिलेले असते. ती वही आज बाईवर पाळत ठेवायला वापरली जाते. तीच वही तिच्या कामाच्या तासांचा पुरावा होऊ शकते.

तीन: आपल्या स्वतःच्या घरातल्या बाईचा पगार, साप्ताहिक सुटी आणि दिवाळीचा बोनस कागदावर लिहा आणि एक प्रत तिला द्या. हे केल्याशिवाय पुढच्या मोर्च्यात घोषणा देताना आपला आवाज चढणार नाही.

त्या जाहिरातीतल्या छोट्या खोलीला आज 'ऑफिस' म्हणतात. नाव बदलले. तिथे राहणारी बाई आता पहाटे रेल्वेने लांबून येते आणि रात्री परत जाते. तिला हक्काची कामगार म्हणायचे की नाही, हे ठरवणे मालकांवर सोपवता येणार नाही. ते तिनेच, आणि तिच्यासोबत आपण, ठरवायचे आहे.