तपासणीची चिठ्ठी पिशवीत ठेवू नका

आम्ही काष्टीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आज कर्जाबद्दल नाही, लेकरांच्या काळजाबद्दल बोलायचं आहे.

मागच्या वर्षी गटातल्या एका ताईच्या सात वर्षांच्या मुलीची शाळेत तपासणी झाली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली आणि चिठ्ठी दिली : हृदयात जास्तीचा आवाज येतो, इको करून घ्या. आजी म्हणाली, "पोर दिवसभर हुंदडती, तिला काय धाड भरलीय?" चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत गेली. आठ महिन्यांनी कर्जाचे कागद काढताना ती आमच्यासमोर पडली. तेव्हा ताई म्हणाली, हल्ली पोर पळता पळता मध्येच बसते.

इको केला. फुप्फुसाकडे रक्त सोडणारी हृदयाची झडप अरुंद निघाली.

म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगतो. हृदयाचा उजवा भाग रक्त फुप्फुसाकडे ढकलतो. वाटेत तीन पाकळ्यांची झडप असते. काही बाळांच्या या पाकळ्या जन्मापासूनच जाड किंवा एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे दार पुरतं उघडत नाही. पाण्याच्या पाईपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात फुसफुसतं ना, तसंच हे. डॉक्टरांना नळीतून ऐकू येतो तो हाच आवाज. आणि अरुंद दारातून रक्त ढकलून ढकलून हृदयाचा स्नायू जाड होतो, पुढे थकतो.

आजार थोडा असेल तर लेकरू अगदी ठणठणीत दिसतं. जास्त असेल तर खेळताना दम लागतो, लवकर थकवा येतो, छातीत दुखतं, चक्कर येते. तान्ह्या बाळाचे ओठ किंवा जीभ निळी पडली, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

नळीतला प्रत्येक आवाज आजाराचा नसतो. पुष्कळ निरोगी मुलांमध्येही तो येतो. खरं काय ते इको सांगतो. ही सोनोग्राफीसारखीच तपासणी, सुई नाही, दुखत नाही. अहवालात 'ग्रेडियंट' म्हणून आकडा असतो, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. साधारण 36 च्या खाली असेल तर आजार सौम्य, 36 ते 64 मध्यम, 64 च्या वर तीव्र. सौम्य असेल तर बहुतेकदा उपचार लागत नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवत राहायचं. तीव्र असेल तर बहुतेक वेळा छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन फुग्याने झडप मोकळी करतात. जगात हा उपचार 1982 पासून माहीत आहे. आमच्या लेकीचा आकडा 64 च्या वर होता. तिचीही झडप फुग्यानेच उघडली. आता ती पुन्हा पळते.

त्या आठ महिन्यांत घरात सुनेलाच बोल लागले असते, "ग्रहणात विळी धरली असशील." मैत्रिणींनो, ग्रहणाचा आणि झडपेचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, आईचा दोष नसतो. एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाच्या हृदयात दोष राहू शकतो. म्हणून मुलींना गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस द्या : पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. दोष निघाला तर पुढची तपासणी आणि उपचारही याच कार्यक्रमातून मोफत होतात. पथक येईल त्या दिवशी लेकरू बाजारात किंवा रानात नेऊ नका.

चूक आमचीही झाली. महिन्याला प्रत्येकीचा हप्ता आम्ही रुपया-रुपया मोजतो, पण लेकराच्या तपासणीत काय निघालं, हे कधी विचारलं नव्हतं. आता बैठकीत हजेरी झाली की पहिला प्रश्न असतो, "कुणाच्या घरी चिठ्ठी आहे का?" असेल तर आशाताईंना घेऊन दोघीजणी सोबत जातात. गाडीभाडं नसेल तर गटातून उचल देतो.

तुमच्या गटातही हा प्रश्न विचारा. आणि आज घरी गेल्यावर रेशनकार्डाची पिशवी एकदा उघडून बघा.